कॉलेजातून वायरलेसचं रिसर्च जर्नल चालवायचंय? मग आधी रिव्ह्यूअर गोळा करा

गेल्या महिन्यात निपाणीकडच्या एका कॉलेजातले दोन सर भेटायला आलेले. म्हणाले, आम्हाला डिपार्टमेंटतर्फे मोबाईल कॉम्प्युटिंग आणि वायरलेस नेटवर्किंगवर जर्नल काढायचंय, वेबसाईट झालीय, लोगो झालाय, आता पुढं काय करायचं तेवढं सांगा. मी विचारलं रिव्ह्यूअर, म्हणजे आलेले पेपर तपासणारे जाणकार, किती जमवलेत? तर म्हणाले ते नंतर बघू की. आम्ही पण सात वर्षांपूर्वी बेळगावात असंच उलट्या टोकानं सुरू केलं होतं आणि पहिला अंक काढायलाच वर्ष गेलं, म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच काढावं, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

जर्नल म्हणजे वेबसाईट नव्हे आणि छापलेला अंक पण नव्हे. अनोळखी माणसानं पाठवलेला पेपर त्याच विषयातली दोन जाणकार माणसं मन लावून वाचतात, चुका दाखवतात, आणि मग एडिटर हो किंवा नाही म्हणतो, जर्नल म्हणजे हे काम. हे नीट होत असलं तर साधं पान असलं तरी चालतंय आणि हे होत नसलं तर कितीही देखणी साईट केली तरी उपयोग नाही.

आता जरा हिशोब मांडा. वर्षातून दोन अंक, जून आणि डिसेंबर, प्रत्येकी सहा पेपर धरा (तिमाहीच्या नादाला सुरुवातीला अजिबात लागू नका). बारा पेपर छापायचे तर रिव्ह्यूला किमान चोवीस पाठवावे लागतील कारण निम्मे तरी पडायला पाहिजेत, चोवीस पेपरना दोन-दोन रिव्ह्यू म्हणजे अठ्ठेचाळीस झाले, आणि विचारलेल्यातले निम्मे लोक वेळ नाही म्हणतात किंवा उत्तरच देत नाहीत, म्हणजे वर्षाला शंभरेक विनंत्या पाठवायच्या. एका माणसाला वर्षात दोनपेक्षा जास्त वेळा त्रास देऊ नये असं मी मानतो. तेव्हा लिस्टमध्ये पन्नास-साठ नावं पाहिजेत.

ही लिस्ट साध्या शीटमध्ये करा, पण 'विषय' या कॉलममध्ये नुसतं नेटवर्क्स असं लिहू नका, त्याचा काही फायदा होत नाही. हँडओव्हर (चालू कॉल एका टॉवरवरनं दुसऱ्यावर जाणं), मॅक लेअर (कुणी कधी सिग्नल पाठवायचा ते ठरवणारा थर), सेन्सर नेटवर्कमधलं एनर्जीचं गणित, लोरा (कमी बॅटरीत लांबवर डेटा पाठवणारा रेडिओ), व्हेईकल नेटवर्क, एज कॉम्प्युटिंग, असं नेमकं लिहा. संस्थेचा ईमेल, गेल्या दोन वर्षांत काय छापलंय, आपण शेवटचं कधी विचारलं आणि किती दिवसांत उत्तर आलं, हे पण ठेवा. आपली जागा या बाबतीत चांगली आहे हो. बेळगावातच व्हीटीयू या टेक्निकल युनिव्हर्सिटीचं मुख्यालय, गोगटे कॉलेज आहे, केएलई आहे, तिकडं धारवाडला आयआयटी आणि ट्रिपल आयटी दोन्ही, गोव्यात आयआयटी, एनआयटी, बिट्स, इकडं कोल्हापूर आणि सांगलीचं वालचंद कॉलेज. दोन-तीन तासांच्या अंतरात एवढी माणसं फार कमी गावांना मिळतात. तरी सगळे रिव्ह्यूअर इथलेच घेऊ नका, कारण इथं सगळे एकमेकांना ओळखतात, पेपर कुणाचा आहे ते टेस्टबेड (प्रयोगाची मांडणी) वाचूनच कळतंय, निम्मे तरी लांबचे पाहिजेत. लांबचे शोधायचे कसे तर आलेल्या पेपरची रेफरन्स लिस्ट उघडायची, गेल्या तीन-चार वर्षांतले संदर्भ बघायचे, त्यांच्या लेखकांना लिहायचं. प्रोफेसरपेक्षा नुकतेच पीएचडी झालेले लोक जास्त बारकाईनं वाचतात हा माझा अनुभव.

विनंतीचा मेल थोडक्यात आणि त्या माणसाच्या कामाचा उल्लेख करून लिहायचा, ॲबस्ट्रॅक्ट सोबत द्यायचं, तीन आठवड्यांची तारीख द्यायची आणि 'जमत नसेल तर कुणाचं नाव सुचवा' ही ओळ विसरायची नाही, माझे कितीतरी चांगले रिव्ह्यूअर त्या एका ओळीतून आलेत. पाच दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्याला विचारा, वाट बघत बसू नका. आपल्या भागातल्या लोकांना मेलबरोबर फोन पण करा, 'सर, एक पेपर पाठवलाय, तुमच्याच विषयातला आहे, जमलं तर बघा की' एवढं म्हटलं तरी काम होतंय. पण फोनवर लेखकाचं नाव तोंडातून जाऊ द्यायचं नाही, कितीही जवळचे सर असले तरी.

लेखकानं सुचवलेले रिव्ह्यूअर घेताना फार जपून. २०१५ मध्ये बायोमेड सेंट्रल या प्रकाशकाला ४३ पेपर मागं घ्यावे लागले होते कारण रिव्ह्यूअरच खोटे निघाले. आमच्याकडं पण एकदा झालं, लेखकानं तीन नावं दिली, तिन्हीचे ईमेल साधे जीमेलचे, आणि दोन रिव्ह्यू एका रात्रीत आले, दोन्हीत 'पेपर फार उत्तम, लगेच स्वीकारावा' आणि स्पेलिंगची चूक पण तीच. खऱ्या प्राध्यापकाला त्यांच्या कॉलेजच्या पत्त्यावर विचारलं तर त्यांना काहीच माहीत नव्हतं. तेव्हापासून संस्थेच्या मेलशिवाय किंवा ऑर्किडशिवाय (संशोधकाचा जगभर चालणारा ओळख नंबर) आम्ही कुणालाच रिव्ह्यूअर करत नाही.

स्कोप अरुंद ठेवा. 'कॉम्प्युटर सायन्सच्या सर्व शाखा' असं लिहिलं की कांद्याच्या भावाचं प्रेडिक्शनपण येतंय आणि ते तपासायला माणूस नसतो. मी तर म्हणतो आपल्या भागाला जे प्रश्न रोज दिसतात तेच स्कोपमध्ये ठळक लिहा. कोगनोळी ओलांडून कागलकडं गाडी गेली की फोन कर्नाटक सर्कलमधनं महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये जातोय, सीमेवरच्या गावात तर घराच्या पुढच्या खोलीत एक आणि मागच्या खोलीत दुसरं नेटवर्क, त्यात कॉल कुठं आणि का तुटतो याचं नीट मोजमाप केलं तर तो चांगला पेपर आहे. खानापूरच्या पुढं जांबोटी, कणकुंबीकडं डोंगर आणि झाडीत रेंज कशी मरते हा आणखी एक. चिकोडी, अथणीकडं उसाच्या रानात लोरावर ओलाव्याचे सेन्सर लावणारी पोरं आहेत, भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा लायसन्सशिवाय वापरता येतो, ऊस डोक्यावर गेला की पानांतल्या पाण्यानं सिग्नल दबतो, किती दबतो ते महिन्यामहिन्यानं मोजलेला डेटा मला कुठल्याही सिम्युलेशनपेक्षा मोलाचा वाटतो. तो छापायला आपलं जर्नल पाहिजे.

सॉफ्टवेअरचं काम सोपं आहे, त्यावर जास्त लिहीत नाही. ओपन जर्नल सिस्टम्स म्हणजे ओजेएस घ्या, कॅनडातल्या पब्लिक नॉलेज प्रोजेक्टनं केलंय, फुकट आहे, पीएचपीवर चालतं, कॉलेजच्या सर्व्हरवर पण बसतं. सबमिशन, रिव्ह्यू, आठवणीचे मेल, अंक लावणं सगळं त्यात आहे. एकच सांगतो, डोमेन कुणा एका सरांच्या वैयक्तिक नंबरवर आणि मेलवर घेऊ नका. आमचे एक सहकारी नोकरी बदलून पुण्याला गेले, रिन्यूअलचा ओटीपी त्यांच्या बंद झालेल्या नंबरवर, साईट अकरा दिवस बंद होती आणि त्याच आठवड्यात सबमिशनची शेवटची तारीख होती. जर्नलच्या नावाचा एक मेल काढा, पासवर्ड दोघांकडं ठेवा, डोमेन पाच वर्षांचं एकदम भरा. बॅकअप दर आठवड्याला, आणि एक कॉपी कॉलेजच्या बाहेर.

आयएसएसएन दिल्लीच्या निस्पर म्हणजे सीएसआयआरच्या संस्थेतून मिळतो, त्याला पैसे लागत नाहीत, कुणी एजंट मागत असला तर देऊ नका. ऑनलाईन आणि छापील अंकाला वेगवेगळा नंबर असतो. पहिल्या अंकातले पूर्ण पेपर साईटवर दिसायला लागले की मगच अर्ज करा. आणि आयएसएसएन हा फक्त आठ आकड्यांचा ओळख नंबर आहे, त्यानं दर्जा सिद्ध होत नाही, हे आपल्या मॅनेजमेंटला पण समजावून सांगा. छापील काढायचं असलं तर लोक प्रेस रजिस्ट्रारकडं नोंदणीचं विचारतात, २०२३ च्या नव्या प्रेस कायद्यात 'नियतकालिक' या व्याख्येतून शास्त्रीय आणि शैक्षणिक जर्नल वगळलेली आहेत.

डीओआय म्हणजे प्रत्येक पेपरचा कायमचा ऑनलाईन ओळख नंबर, तो घ्यायचा तर क्रॉसरेफ या संस्थेची मेंबरशिप, तिची वार्षिक फी असते आणि चालू वर्षाच्या प्रत्येक पेपरला साधारण एक डॉलर. बारा पेपरचा खर्च बघता डिपार्टमेंटला झेपतंय. आम्ही लेखकांकडून एक रुपया घेत नाही आणि तुम्ही पण सुरुवातीला घेऊ नका असं कळकळीनं सांगतो, कारण पैसे घ्यायला लागलं की 'नाही' म्हणताना हात जड होतो, मग मन म्हणतंय घेऊया की, दुरुस्त करून घेऊ, आणि तिथनंच घसरण सुरू होते.

'यूजीसी केअर', म्हणजे यूजीसीनं मानलेल्या जर्नलांची लिस्ट, तिच्याबद्दल पण बरेच विचारतात. ती लिस्ट फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीनं बंद केली, आता जर्नलचा दर्जा संस्थांनी स्वतः निकष लावून बघायचाय. त्याआधीच्या जुन्या लिस्टमधनं २०१८ मध्ये चार हजारांवर जर्नलं एका फटक्यात काढली होती. तेव्हा साईटवर 'यूजीसी अप्रूव्हड' अशी पट्टी लावू नका, ते खोटं होईल. इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलमधल्या पेपरना सरासरी किती संदर्भ मिळतात तो आकडा) विकणारे मेल येतील, पैसे भरा, सर्टिफिकेट घ्या. खरा इम्पॅक्ट फॅक्टर क्लॅरिव्हेट ही एकच कंपनी काढते, बाकी सगळे डिलीट करा. त्यापेक्षा डोआज म्हणजे डिरेक्टरी ऑफ ओपन ॲक्सेस जर्नल्सकडं लक्ष द्या, अर्ज फुकट आहे, वर्षाला किमान पाच संशोधन पेपर लागतात, नवीन जर्नलला वर्षापेक्षा जास्त इतिहास किंवा दहा पेपर दाखवावे लागतात. आणि त्यांचा एक नियम मला फार आवडतो, शेवटच्या दोन अंकांत एडिटर, बोर्ड मेंबर किंवा रिव्ह्यूअर ज्यात लेखक आहेत असे पेपर प्रत्येक अंकात पंचवीस टक्क्यांच्या वर नकोत. सहा पेपरच्या अंकात आपल्या माणसांचा एकच. हा नियम भिंतीवर चिकटवून ठेवा.

आता खरं काम, पेपर आल्यावर काय बघायचं.

पहिल्या आठवड्यात एडिटरनं स्वतः वाचायचा. सिमिलॅरिटी रिपोर्ट, म्हणजे मजकूर आधीच्या लिखाणाशी किती जुळतो त्याचा, काढा, यूजीसीच्या २०१८ च्या नियमात दहा टक्क्यांपर्यंत कारवाई नाही, पण आकड्यावर जाऊ नका, कुठं जुळतंय ते बघा. प्रस्तावनेत आठ टक्के जुळलं तर ठीक, रिझल्टमध्ये चार टक्के जुळलं तर विचारायला पाहिजे. उलट रिपोर्ट अगदीच स्वच्छ असला तरी इंग्रजी वाचा. २०२१ मध्ये काही संशोधकांनी दाखवून दिलं की लोक दुसऱ्याचा मजकूर शब्द बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधनं काढतात, त्यात 'सिग्नल टु नॉइज' चं 'फ्लॅग टु कमोशन' होतं, 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स' चं 'काउंटरफिट कॉन्शसनेस' होतं, आणि राउटिंगवाल्यांचं आवडतं 'अँट कॉलनी' तर 'अंडरग्राउंड क्रीपी क्रॉली' होऊन जातं. असला एक शब्द दिसला तरी पेपर तिथंच थांबवा आणि लेखकाला खुलासा विचारा. २०२३ मध्ये जगभरात दहा हजारांहून जास्त पेपर मागं घेतले गेले, त्यातले बहुतेक एकाच प्रकाशकाच्या स्पेशल इश्यूमधले, म्हणून गेस्ट एडिटरच्या ताब्यात पूर्ण अंक देण्याच्या फंदात पडू नका.

लेखकाचं नाव पेपरातनं काढून टाकण्याचं पण पहिल्या वाचनातच बघायचं. डबल ब्लाइंड म्हणतो आपण, म्हणजे लेखक आणि रिव्ह्यूअर दोघांना एकमेकांचं नाव कळत नाही, पण वर्डच्या फाईलच्या प्रॉपर्टीजमध्ये लेखकाचं नाव तसंच असतं, 'आमच्या आधीच्या कामात' असं लिहून संदर्भ दिलेला असतो, टेस्टबेडच्या फोटोत मागं कॉलेजचा बोर्ड असतो. हे काढून मगच पुढं पाठवा.

सिम्युलेशनचे पेपर सगळ्यात जास्त येतात आणि सगळ्यात जास्त लफडी त्यातच. २००५ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी मोबीहॉक या नावाजलेल्या कॉन्फरन्सचे पाच-सहा वर्षांचे पेपर तपासले, तर पंधरा टक्क्यांपेक्षा कमी पेपर दुसऱ्याला परत करून बघता येतील असे निघाले. तिथं ही गत तर आपण किती जपायला पाहिजे विचार करा. म्हणून रिव्ह्यूअरला आम्ही मोकळं पान न देता नेमके प्रश्न देतो. सिम्युलेटर कुठला आणि त्याचं व्हर्जन काय, नुसतं 'एनएस-३ वापरला' चालणार नाही. किती वेगवेगळ्या सीडवर (रँडम आकड्यांची सुरुवात ज्यावरनं होते तो नंबर) रन केलं, मी दहापेक्षा कमी असलं तर परत पाठवतो, कारण एका रनची रेघ म्हणजे नशिबाचा भाग. ग्राफवर कॉन्फिडन्स इंटरव्हल (उत्तर किती मागं-पुढं होऊ शकतं तो पट्टा) आहे का. नोड (नेटवर्कमधली उपकरणं) किती, मैदान किती मीटरचं, प्रोपगेशन मॉडेल (सिग्नल कसा पसरतो त्याचं गणित) कुठलं, डेटाचा ट्रॅफिक कसला. रँडम वेपॉइंट, म्हणजे नोड कुठल्याही ठिकाणाकडं कुठल्याही वेगानं जातो असं धरणारं मॉडेल, वापरलं असलं तर किमान वेग शून्य ठेवलाय का ते बघा, शून्य ठेवला की हळू चालणारे नोड वाटेतच अडकून राहतात आणि सगळ्यांचा सरासरी वेग वेळेबरोबर कमी कमी होत जातो, हे २००३ लाच छापून आलंय आणि अजून तीच चूक येते. सुरुवातीचा वेळ आकडेमोडीतनं वगळलाय का, तेही विचारा.

तुलना कुणाशी केलीय हे तर फारच महत्त्वाचं. एओडीव्ही या राउटिंग प्रोटोकॉलचं आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचा कागद) २००३ चं आहे, त्या मूळ प्रोटोकॉलला हरवलं म्हणून आज नवीन काही सिद्ध होत नाही, गेल्या चार-पाच वर्षांतल्या कामाशी तुलना पाहिजे. आणि युनिट बघा हो, युनिट! ३० डीबीएम म्हणजे एक वॅट, २० डीबीएम म्हणजे शंभर मिलिवॅट. एका पेपरात सेन्सर नोडची ट्रान्समिट पॉवर वीस वॅट लिहिली होती, दोन रिव्ह्यूअरच्या हातनं ते सुटलं आणि शेवटी प्रूफ वाचताना आमच्या लॅब असिस्टंटनं पकडलं. बॅटरी किती दिवस टिकते याचा आख्खा ग्राफ त्या आकड्यावर उभा होता, पेपर परत करावा लागला.

मोबाईलवर लोकांचा डेटा गोळा केला असला, लोकेशन, कॉलचा वेळ वगैरे, तर संमती कशी घेतली आणि नाव-नंबर कसे काढले हे पेपरात लिहिलेलं पाहिजे. लहान गावात नुसत्या लोकेशनवरनं माणूस ओळखता येतो, रात्री फोन कुठल्या घरात आहे एवढं कळलं की झालं.

निर्णयाचं पत्र लिहायला वेळ द्या. दोन रिव्ह्यू जसेच्या तसे चिकटवून 'मेजर रिव्हिजन' म्हणू नका, दोघांचं उलटसुलट असलं तर लेखकानं कुणाचं ऐकायचं? एडिटरनं सांगायला पाहिजे की या तीन गोष्टी केल्याशिवाय पेपर पुढं जाणार नाही आणि या दोन केल्या तर बरं. नकार द्यायचा तर पहिल्या वाचनातला नकार दोन आठवड्यांत द्या, पोरांचं वर्ष असतं त्यात. माझा पहिला पेपर एका ठिकाणी चौदा महिने पडून होता आणि शेवटी दोन ओळींचा नकार आला, ते मी विसरलेलो नाही. म्हणून आमच्याकडं नकारात निदान चार-पाच ओळी तरी कारण असतंच, आणि दुसरीकडं कुठं पाठवता येईल ते पण.

फोन येतील. ओळखीच्या सरांचे, पाहुण्यांचे, कधी वरनं पण. 'पोराची पीएचडी अडकलीय, एवढं बघा.' माणूस म्हणून वाईट वाटतंय, खोटं कशाला सांगू. पण यूजीसीच्या २०२२ च्या पीएचडी नियमात पेपर छापण्याची सक्ती काढून टाकलीय, युनिव्हर्सिटीचा स्वतःचा नियम वेगळा असू शकतो तो त्यांनी बघावा, तो आपल्या अंकाचा प्रश्न नव्हे. आम्ही सरळ नियम केला, आपल्या डिपार्टमेंटचा किंवा ओळखीचा पेपर असला तर त्याचा एडिटर बाहेरचा, आणि रिव्ह्यूअर कोण हे आम्हाला पण दिसत नाही. मग फोनवर खरंच सांगता येतंय की माझ्या हातात नाही.

नावांचा घोळ आपल्याकडं मोठा आहे. 'एस. पाटील' आमच्या लेखकांतच चार आहेत, म्हणून ऑर्किड सक्तीचा करा. संस्थेच्या पत्त्यात बेळगावचं नाव १ नोव्हेंबर २०१४ च्या आधी इंग्रजीत एक होतं, नंतर दुसरं, त्यामुळं एकाच कॉलेजचे पेपर इंडेक्समध्ये दोन ठिकाणी दिसतात. वाद बाजूला ठेवा, संस्थेनं ठरवलेलं एकच स्पेलिंग आणि तेच प्रत्येक अंकात.

चूक निघाली तर लपवायची नाही. दुरुस्तीची नोट काढायची, मोठी असली तर पेपर मागं घ्यायचा, पण पान गायब करायचं नाही, 'मागं घेतला' असं लिहून कारणासकट ठेवायचं, कोप (प्रकाशनातली नीतिमत्ता बघणारी संस्था) हिचे नियम आहेत त्यावर, एकदा बसून वाचा. लेखकांत चॅटबॉटचं नाव चालत नाही हेही त्यांनी स्पष्ट केलंय, जबाबदारी घेणारा माणूसच पाहिजे. जुने अंक टिकावेत म्हणून ओजेएसमध्येच पीकेपीचं, म्हणजे त्याच पब्लिक नॉलेज प्रोजेक्टचं, प्रिझर्व्हेशन नेटवर्क आहे, आयएसएसएन मिळाल्यावर ते चालू करा, फुकट आहे, उद्या कॉलेजचा सर्व्हर गेला तरी पेपर राहतात.

निपाणीच्या सरांना मी त्या दिवशी लोगो बाजूला ठेवायला सांगितलं आणि रिव्ह्यूअरची कोरी शीट दिली. काल त्यांनी अकरा नावं भरून पाठवलीत, विषय नेमके लिहिलेत, ईमेल सगळे संस्थेचे. त्यातल्या तिघांना मी ओळखतो, आठजण मला नवीन आहेत, त्यातले दोन मी आमच्या डिसेंबरच्या अंकासाठी विचारून घेतोय.